तबकडीचे फेरे आणि दौंडचे इंजिन

घरगुती संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे एका बंद डबीत मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी गुळगुळीत तबकडी आणि तिच्यावर टेकल्यासारखी दिसणारी, पण प्रत्यक्षात काही नॅनोमीटर अधांतरी तरंगणारी एक भुजा. ग्रामोफोनशी तिचे साम्य दिसण्यापुरतेच आहे. ग्रामोफोनची सुई टेकली की गाणे सुरू होते; हिचे टोक टेकले की गाणे कायमचे थांबते.

ही डबी ज्या पेटीत बसवलेली असते तिला शिरूर आणि दौंड तालुक्यांत सर्रास 'सीपीयू' म्हणतात. पुस्तकी दृष्टीने हे चूक आहे, कारण सीपीयू म्हणजे पेटीच्या पोटातली काडेपेटीपेक्षाही लहान चिप. परंतु खंडेनवमीला झेंडूची माळ पेटीलाच घालता येते, चिपला येत नाही. तेव्हा पूजेच्या सोयीने पाहता लोकांचेच नाव अधिक उपयोगी आहे. हळदीकुंकू मात्र पंख्याच्या जाळीपासून जरा लांब लावावे.

खरेदीनंतर दोन-तीन वर्षांनी या पेटीबद्दल घरात एकच तक्रार सुरू होते: 'स्लो झालाय.' त्यावरचे उपचार ठरलेले आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. पहिला उपचार रिफ्रेशचा. रिकाम्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'रिफ्रेश' हा शब्द लागोपाठ पाच-सहा वेळा निवडला जातो. या क्रियेने पडद्यावरची चित्रे पुन्हा रंगवली जातात, त्यापलीकडे संगणकाच्या वेगावर काहीही परिणाम होत नाही. एसटीची वाट पाहताना फलाटावरून पुढे होऊन रस्त्याकडे डोकावण्याचा हा प्रकार आहे. गाडी त्याने लवकर येत नाही, पण डोकावणाऱ्याला आपण स्वस्थ बसलो नाही याचे समाधान मिळते. दुसरा उपचार धूळ झटकण्याचा. हंगामात साखर कारखान्याची काजळी घराघरांत उतरते त्या गावांत तो निदान गृहिणीला तरी मान्य असतो. तिसरा 'फॉरमॅट मारण्याचा'. हे सारे करून झाल्यावर प्रकरण दुकानात जाते आणि तिथे मूळ प्रश्न उपस्थित होतो.

"काका, रॅम वाढवू का हार्ड डिस्क बदलू?"

"कशाने फास्ट होईल?"

"दोन्हीने होतो."

"मग जे स्वस्त आहे त्याने कर."

या संवादात दोघेही खरे बोलत आहेत आणि अडचण तिथेच आहे.

जलद हार्ड डिस्क म्हणजे रूढ अर्थाने अधिक फेरे घेणारी. खोक्यावर ७,२०० हा आकडा ठळक छापलेला असतो. ५,४०० च्या तुलनेत तो ३३ टक्क्यांनी मोठा आहे, आणि ज्या राज्यात दहावीला पास व्हायला ३५ लागतात तिथेही ३३ टक्के वाढ ही दुकानाच्या काउंटरवर भरघोस वाटते. प्रत्यक्षात घरी काय पोहोचते हे पाहण्यासाठी डिस्कच्या वेळेचा हिशेब मांडावा लागतो.

डिस्कवरून एखादी लहानशी नोंद वाचायची तर तीन गोष्टी घडतात. आधी भुजेला योग्य पट्ट्यावर जावे लागते, हा हेलपाटा. नंतर हवी ती जागा फिरत फिरत टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते, हा खोळंबा. शेवटी मजकूर उचलला जातो. हेलपाट्याला घरगुती डिस्कमध्ये सरासरी ९ मिलिसेकंद लागतात. खोळंबा सरासरी अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे ५,४०० च्या तबकडीला ५.६ आणि ७,२०० च्या तबकडीला ४.२ मिलिसेकंद. प्रत्यक्ष उचलीला मिलिसेकंदाचा किरकोळ भाग पुरतो. तलाठी कार्यालयात गेलेल्या माणसाला हे प्रमाण ओळखीचे वाटेल: जाणे, थांबणे आणि सहीला लागलेले अर्धे मिनिट.

आता बेरीज. सावकाश डिस्कला एका नोंदीमागे १४.६ मिलिसेकंद लागतात, जलद डिस्कला १३.२. खोक्यावरच्या ३३ टक्क्यांतले दहाच्या आतबाहेर टक्के घरी पोहोचले. संगणक सुरू होताना अशा ५,००० नोंदी इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात असे धरले, तर एकीला ७३ सेकंद लागतील आणि दुसरीला ६६. वाचलेल्या ७ सेकंदांत चहाला उकळीही फुटत नाही. उचलीला इतका कमी वेळ लागत असताना सारी जाहिरात मात्र उचलीच्या वेगाचीच असते.

ही गोष्ट दौंडकरांना समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाही. पुणे–सोलापूर मार्गावरून मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली दौंडला जोडला गेला, आणि तो अशा दिशेने जोडला गेला की पुण्याहून मनमाडला निघालेल्या गाडीला दौंडला तोंड फिरवावे लागे. इंजिन एका टोकाचे काढायचे, वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडायचे, ब्रेक तपासायचे, मग निघायचे. तोवर प्रवाशांचा चहा आणि वडापाव होऊन पान खाण्याची तयारी होई. या काळात गाडीचा कमाल वेग किती, हा प्रश्न कोणीही विचारत नसे, कारण उभ्या गाड्या सगळ्या सारख्याच वेगाने उभ्या असतात. इंजिन अधिक दमदार आणले असते तरी दौंडचा मुक्काम टळला नसता. ५,४०० च्या जागी ७,२०० ची डिस्क बसवणे म्हणजे पाटस ते दौंड हे अंतर जरा जोरात कापणे.

फेरे वाढवण्याची हौस जुनी आहे. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंची व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. उसाच्या ट्रॉलीखेरीज दुसऱ्या वाहनात तिला नेण्याचा विचार कोणी केला नसता, आणि तिच्यात आजच्या मोबाइलचा जेमतेम एक फोटो मावला असता. १९९२ साली सीगेटने ७,२०० फेऱ्यांची 'बॅराकुडा' आणली, २००० साली १५,००० फेऱ्यांची 'चीता एक्स१५', तर २००३ साली वेस्टर्न डिजिटलने १०,००० फेऱ्यांची 'रॅप्टर' घरगुती संगणकाच्या हौशी मालकांपर्यंत पोहोचवली. नावे सगळी शिकारी प्राण्यांची आणि पक्ष्यांची. गाईचे नाव दिलेली हार्ड डिस्क अद्याप बाजारात आलेली नाही, जरी घरगुती वापरात तिच्याकडून अपेक्षा गाईच्याच असतात: रोजच्या रोज दूध द्यावे, आवाज करू नये आणि लाथ मारू नये. पहिल्या रॅप्टरची क्षमता ३६ जीबी होती. म्हणजे वेगाच्या मोबदल्यात जागा कमी, आवाज जास्त, उष्णता जास्त आणि किंमत तर विचारूच नये. चैत्र-वैशाखात दौंडच्या पत्र्याच्या खोलीत आणखी एका तापणाऱ्या वस्तूची कमतरता नसते.

शिवाय फेऱ्यांचा आकडा बऱ्याच गोष्टी लपवतो. मळणीत तिवड्याभोवती बैल फिरतात तेव्हा फेरे सगळ्यांचे सारखे, पण कडेचा बैल जास्त चालतो. तबकडीचेही तसेच. कडेच्या पट्ट्यावर एका फेऱ्यात जास्त मजकूर टोकाखालून जातो, आतल्या पट्ट्यावर कमी. कडेला सेकंदाला १८० एमबी देणारी डिस्क आत गेल्यावर निम्म्यावर येते. नवी डिस्क साधारणपणे कडेकडून भरत जाते. म्हणून नव्या संगणकाचा हुरूप आणि जुन्याची मरगळ ही केवळ मालकाची समजूत नव्हे, ती भूमितीही आहे. दुसरी भानगड मांडणीची. अलीकडच्या अनेक मोठ्या घरगुती डिस्कांत पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, जेणेकरून जागा जास्त मिळावी. कौलारू घरात मधले एक कौल बदलायचे तर शेजारची चार उचलावी लागतात; या डिस्कांना जुना मजकूर बदलून लिहिताना तेच करावे लागते, आणि तेव्हा फेरे कितीही असले तरी काम रेंगाळते. एका कंपनीच्या काही डिस्कांवर '५,४०० वर्गातील' असे लिहिलेले असताना त्या प्रत्यक्षात ७,२०० फेरे घेत असल्याचे २०२० साली उघडकीस आले. ते संगणकाच्या चपळाईवरून नव्हे, तर डिस्कच्या गुणगुणण्याचा सूर मोजून उघडकीस आले. जलद डिस्क घरात असूनही वापरणाऱ्याला ती जाणवत नाही, याचा याहून प्रामाणिक पुरावा मागवण्याचे कारण नाही.

खोळंब्यावरचा खरा उपाय फेरे वाढवण्यात नसून फेरे नाहीसे करण्यात निघाला. एसएसडीमध्ये तबकडी नाही, भुजा नाही, हेलपाटा नाही. चिपांमध्ये साठवलेली नोंद ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास हाती येते. वरच्याच हिशेबातल्या ५,००० नोंदी तिला अर्ध्या सेकंदाच्या. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीची उचल सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, म्हणजे हार्ड डिस्कच्या तिप्पट. पण घरातल्या माणसाला सुखावणारी गोष्ट ही तिप्पट नसून ते नाहीसे झालेले थांबणे आहे. बऱ्याच जुन्या संगणकात जोडणीच जुनी असल्यामुळे उचल निम्म्यावर येते, तरीही एसएसडी बसवल्यावर मालक पहिल्या दिवशी पाहुण्यांना बोलावून संगणक बंद-चालू करून दाखवतो.

दौंडलाही हाच उपाय झाला. गावाबाहेरून कॉर्ड लाइन टाकली गेली आणि पुणे–मनमाड गाड्या तोंड न फिरवता परस्पर जाऊ लागल्या. गाडीचा वेग त्याने वाढला नाही, मुक्काम टळला. प्रत्येक सुधारणेला खर्चाची एक बाजू असते तशी इथेही आहे: या गाड्यांसाठीचे दौंड कॉर्ड लाइन स्थानक मुख्य स्थानकापासून लांब असल्याने उतारूला रिक्षा करावी लागते. एसएसडीच्या बाबतीत रिक्षाचे भाडे म्हणजे जुन्या डिस्कवरचे सगळे नव्या ठिकाणी हलवणे. विंडोज नव्याने टाकणे, श्रीलिपीचे फॉण्ट शोधणे, टॅलीचा डेटा, प्रिंटरची सीडी, जी सापडत नाही, आणि पासवर्ड, जो ज्याला माहीत होता तो मुलगा आता हिंजवडीला असतो. दुकानदार क्लोन करून देतो तेव्हा हे भाडे वाचते, परंतु जुना कचराही जसाच्या तसा नव्या घरी राहायला येतो. बसवण्याचे काम मात्र सोपे आहे. अडीच इंची एसएसडीला मोठ्या पेटीत स्क्रूची जागा मिळाली नाही तर ती डबल टेपने चिकटवतात. आत हलणारे काहीच नसल्याने ही पद्धत दिसायला गैर असली तरी चालायला गैर नाही.

शिरूरकडे रेल्वे नाही. तिथे हाच धडा पुणे–नगर रस्त्यावर मिळतो. ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने धावत असते; शिरूरहून पुण्याला निघालेली मोटारही रांजणगावनंतर मोकळ्या पट्ट्यात तसा प्रयत्न करून पाहते. पुढे शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद आणि वाघोली आहेत. अडीच तासांच्या प्रवासातला दीड तास कोंडीत गेला, तर उरलेल्या एका तासात वेग दुप्पट करूनही वाचतो तो अर्धाच तास. संगणकशास्त्रात हा नियम जीन अ‍ॅमडाल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९६७ साली मांडला, वाघोली न पाहता.

या नियमाचा रोख एसएसडीवरही आहे. थांबणे एकदा संपले की पुढे आणखी जलद डिस्क घेऊन घरात फारसे काही हाती लागत नाही. एनव्हीएमई जातीच्या एसएसडी सेकंदाला ३,५०० एमबी देतात, महागड्या ७,००० किंवा त्याहून जास्त देतात. पण वर्डची फाइल उघडताना ५५० आणि ७,००० यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, कारण आता वेळ प्रोसेसरला लागतो, किंवा माणसाला. अर्ज लिहिणाऱ्या माणसाचा वेग 'महोदय' नंतर काय लिहायचे इथेच मंदावतो.

तेव्हा घरच्या कामांकडे पाहावे. चित्रपट पाहणे: दोन तासांच्या ४ जीबीच्या चित्रपटाला सेकंदाला अर्धा एमबीच्या जरा वर लागतो, म्हणजे सर्वांत सावकाश हार्ड डिस्कही हे काम झोपेत करते. ऑनलाइन फॉर्म भरणे, उतारा काढणे, निकाल पाहणे: इथे वाट नेटची आणि पलीकडच्या सर्व्हरची पाहायची असते. 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य एसएसडीवरही तितक्याच स्पष्टपणे उमटते, फक्त ते लवकर उमटते. पेन ड्राइव्ह भरून देणे: वेग पेन ड्राइव्हचा. रॅम ४ जीबी असताना ब्राउझरचे वीस टॅब उघडणे: इथे जागा कमी पडल्यामुळे संगणक डिस्कलाच रॅमसारखे राबवतो, हार्ड डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते आणि दोष तिच्या माथी येतो. दुकानातल्या संवादात दोन्ही उत्तरे बरोबर असण्याचे कारण हेच. एसएसडी बसवली तर हे राबणे सुसह्य होते, रॅम ८ जीबी केली तर ते बहुतांशी थांबते. ५,४०० ऐवजी ७,२०० घेतली तर दोन्हींपैकी काहीच होत नाही.

जलद डिस्कवर खरोखर पैसे खर्चावे असे तालुक्यातले गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा. हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन कॅमेऱ्यांचे शेकडो जीबी चित्रीकरण, त्यातून काटछाट, आणि वधूपिता रोज फोन करणारा. त्याच्याकडे मोठमोठ्या फाइली सलग वाचल्या-लिहिल्या जातात, तिथे एनव्हीएमईचा आकडा खराच कामी येतो. पण काम संपल्यावर तोही ते सारे चित्रीकरण जुन्या पद्धतीच्या मोठ्या हार्ड डिस्कवर टाकून कपाटात ठेवतो, आणि त्यात तो शहाणाच ठरतो. जीबीमागे हार्ड डिस्क बरीच स्वस्त पडते. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली तर तिच्यातला मजकूर विरू शकतो. कपाटाला वीज नसते.

विजेचा विषय निघालाच आहे. भारनियमनाच्या वर्षांत वाढलेल्या पिढीला एक धास्ती कायम असते की लाइट गेली की हार्ड डिस्क गेली. हार्ड डिस्क तेवढी नाजूक नाही. वीज अचानक गेली तर तबकडीचा उरलेला फिरता जोरच मोटरकरवी थोडी वीज तयार करतो आणि तिच्यावर भुजा मागे सरकून आपल्या जागी जाऊन बसते. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल गाडी घराच्या दारात आणून उभी करतात, तसे. जे त्या क्षणी लिहिले जात होते ते मात्र हरवू शकते, आणि एसएसडीतही हरवू शकते. दोन्हींना यूपीएस लागतो. एसएसडी विजेची बचत करते म्हणून इन्व्हर्टर जास्त टिकेल हा दुकानी युक्तिवाद चार-पाच वॅटांचा आहे. त्याहून जास्त वीज दारावरचा बल्ब खातो.

एसएसडी लिहून लिहून झिजते, ही दुसरी धास्ती. झिजते हे खरे. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला १५० टीबी लेखनाची हमी मिळते. घरात रोज २० जीबी लिहिले गेले, जे सहसा जात नाही, तर ती पुरी व्हायला वीस वर्षे लागतील. तोवर संगणकाची पेटी, टेबल आणि बहुधा विंडोजच्या चार आवृत्त्या इतिहासजमा झालेल्या असतील. जुन्या सवयीने तिच्यावर डीफ्रॅगमेंट चालवू नये इतकेच. विखुरलेल्या नोंदी शेजारी आणून ठेवण्याचा फायदा भुजेला होता, आणि इथे भुजाच नाही. मरणाच्या रीतीत मात्र हार्ड डिस्क अधिक सुसंस्कृत आहे. ती आधी कटकट करते, खरखरते, फाइली उघडायला उशीर लावते, नातेवाइकांना जमा व्हायला वेळ देते. एसएसडी अनेकदा रात्री ठीक असते आणि सकाळी नसते. म्हणून फोटोंची दुसरी प्रत ठेवावी, आणि ती त्याच पेटीत ठेवू नये.

किमतीचे म्हणाल तर या वस्तूंचे भाव कांद्यासारखे आहेत: पाऊस एका ठिकाणी पडतो आणि भाव दुसऱ्या ठिकाणी हलतो. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर डिस्क महागल्या. त्या वेळी उसाचे बिल जमा झाल्यावर संगणक घेऊ म्हणून थांबलेल्यांना ही गोष्ट पटवून द्यावी लागली नाही. लासलगावचा लिलाव आणि आपली चाळ यांचे नाते त्यांना ठाऊक होते. घरासाठी आजचा व्यवहार असा बसतो: विंडोज आणि रोजच्या कामासाठी २५० ते ५०० जीबीची साधी एसएसडी, फोटो, लग्ने आणि गावच्या हरिनाम सप्ताहाच्या चित्रीकरणासाठी जुनीच हार्ड डिस्क. तिचे फेरे ५,४०० असले तरी बिघडत नाही, उलट ती कमी तापते.

जुनी हार्ड डिस्क अगदीच निकामी झाली तर ती टाकून देण्याआधी आतला मजकूर पुसावा, कारण आधार आणि पासबुकांच्या प्रती तिथेच असतात. उघडली तर आत दोन जबरदस्त लोहचुंबक निघतात. पडलेले स्क्रू आणि खिळे वेचायला ते वेल्डिंगच्या दुकानात उपयोगी पडतात. बोट मध्ये सापडणार नाही याची काळजी घ्यावी. मोठ्या डिस्कची तबकडी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची आणि आरशासारखी चकचकीत असते. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये ती बऱ्याचदा काचेची असते आणि हातात फुटते, तेव्हा ती काढण्याच्या भानगडीत पडू नये. अ‍ॅल्युमिनियमची तबकडी, मधल्या भोकातून सुतळी ओवून, ज्वारी हुरड्यात आली की पाखरे हाकण्यासाठी बांधावरच्या काठीला टांगता येते. जुन्या सीड्या तिथे आधीपासून टांगलेल्या असतातच. वारा सुटला की तीही फिरते.